दीड आई

वीज गेली तेव्हा थोरली सून भट्टीतून कोंबडी बाहेर काढत होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की नशीब, भट्टी गॅसची आहे. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तो आला तशी ती हातातल्या जाड फडक्यांसकट धावत निघाली, वर्कशॉप ओलांडून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि लिफ्टच्या लोखंडी जाळीपुढे उभी राहिली. जाळीवरच्या पट्टीतला सहाचा आकडा विझला होता.

लिफ्ट सहाव्या मजल्यावर होती. सासूबाईही सहाव्या मजल्यावर होत्या. आणि नाताळचं टेबल इथे तळमजल्यावर मांडलेलं होतं, नऊ ताटांचं.

"झालं!" थोरली म्हणाली. "लिफ्टवाल्यांचं घर, आणि दिव्याखाली अंधार."

चार वर्षं या घरात दोन नाताळ होत होते. एक वर धाकट्याकडे, एक खाली थोरल्याकडे. झाडंही दोन, आणि झाडांवर टांगायची बटणंसुद्धा वाटून घेतलेली. सासरे होते तेव्हा जुन्या लिफ्ट मोडीत काढताना मजल्यांची पितळी बटणं जपून ठेवत, त्यांना लाल फीत ओवत, आणि नाताळच्या झाडावर एकपासून बारापर्यंत ओळीने टांगत. वाटणी झाली तेव्हा विषम आकडे खाली राहिले, सम आकडे वर गेले. थोरलीची पिंगी तेव्हा पाच वर्षांची होती. आपल्या घरात दोन, चार, सहा हे आकडे वापरायला बंदी आहे, असं तिला बरेच दिवस वाटत होतं.

भांडण कशावरून झालं म्हणाल, तर घरातला प्रत्येक माणूस वेगळं कारण सांगेल. थोरला म्हणायचा, वर्कशॉपच्या किल्ल्यांवरून. धाकटा म्हणायचा, दादाला न विचारता मी एक काम घेतलं त्यावरून. नणंदेच्या मते आईच्या कानातल्यांवरून. खरं कारण एकट्या थोरलीला ठाऊक होतं आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोघे भाऊ रोज एकाच वर्कशॉपात एकाच यंत्रावर वाकून काम करायचे, पण बोलणं कामापुरतं. "पाना दे." "फेज बघ." "धर." "सोड." याच्या पलीकडे चार वर्षांत गाडी गेली नव्हती.

आणि आठ दिवसांपूर्वी म्हातारीने फर्मान काढलं होतं. "यंदा नाताळ एकच. खाली. दुपारी एक वाजता. ज्याला यायचं नसेल त्याने आपल्या खोलीत बसून कोरडा पाव खावा."

थोरलीने निरोप ऐकला आणि निरोप घेऊन आलेल्या नणंदेला म्हणाली, "वन्सं, आईंना सांगा, खाली येणाऱ्याला मी माघारी धाडणार नाही. पण मी वर पाय ठेवणार नाही, हेही सांगा."

"ते तिला माहितीय गं," नणंद म्हणाली. "म्हणून तर ती खाली येतेय."

आता बारा वाजून गेले होते. सकाळी चर्चहून आल्यापासून थोरली उभीच होती. वर्कशॉपातलं काम करायचं लांबलचक टेबल घासूनपुसून त्यावर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, आणि वरच्या टोकाला सासूबाईंची ती खुर्ची ठेवली होती, जी चार वर्षं माळ्यावर उलटी पडून होती. खुर्चीवर उशी ठेवताना तिला कोणी बघितलं नव्हतं, म्हणजे निदान तिला तसं वाटत होतं.

"ठोकळ्या," तिने सहा वर्षांच्या लेकाला हाक मारली. "इथे बस. कोंबडी झाकलीय. मांजर आलं तर हाकल. उठायचं नाही."

ठोकळा कोंबडीसमोर स्टूल घेऊन इमानदारीने बसला.

लिफ्टच्या बोगद्यातून आवाज फार छान येतो. वर कोणी शिंकलं तरी खाली कळतं. गेली चार वर्षं वरचं हसणं, वरची भांडी, वरच्या नव्या बाळाचं रडणं, मग बोबडं बोलणं, हे सगळं थोरलीने याच जाळीतून ऐकलं होतं. भाजी निवडायला ती इथेच का बसते, असं थोरल्याने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "इथे उजेड चांगला येतो."

"वहिनीऽऽ!" नणंदेचा आवाज खाली आला. "वीजवाल्यांना फोन लावला! संध्याकाळी सहा म्हणतात!"

त्याच्या मागून म्हातारीचा. "संध्याकाळी मला जेवण पचत नाही. एक म्हणजे एक."

"आई, खुर्चीत बस, आम्ही दोघं उचलून नेतो जिन्याने." हा थोरला. आईला आणायला म्हणून तो पिंगीला घेऊन तासभर आधीच वर गेला होता.

"या मोडक्या खुब्याने तुमचे सहा मजल्यांचे हिसके खाऊ? आणि बाबा, खांद्यावरून माणूस एकदाच उतरतं. माझी ती वेळ आली की उतरवा, तेव्हा मी काही बोलणार नाही. सगळ्या शहराच्या म्हाताऱ्या तुमच्या लिफ्टमधून वरखाली करतात, आणि तुमची आई काय पेटाऱ्यासारखी उतरणार?"

थोरलीला खाली हसू आलं. तिने फडकं तोंडावर धरलं.

वर थोडा वेळ कुजबुज झाली. मग धाकट्याचा आवाज आला, सावकाश, जसा तो वर्कशॉपात बोलायचा तसा. "ब्रेक सोडून नेता येईल."

"हातचाक कुठाय? हातानेच फिरवू." थोरला.

"ते गेल्या महिन्यातच झिजलंय. नुसत्या वजनावर न्यावी लागेल."

थोरलीला त्यांचं बोलणं शब्द न् शब्द समजत होतं. या घरात सून आली की पहिल्या महिन्यात तिला एक गोष्ट पाठ व्हायचीच: रिकामी लिफ्ट वर जाते, भरलेली खाली येते. लिफ्टच्या मागे दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचा ठोकळा असतो आणि तो रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतो. वीज नसताना ब्रेक सोडला तर ज्या बाजूला वजन जास्त, ती बाजू खाली. आत पुरेशी माणसं भरली तर लिफ्ट आपल्या वजनाने हळूहळू उतरते. मात्र एकाने ब्रेकचा दांडा दाबायचा, दुसऱ्याने दोरावरच्या पिवळ्या खुणा बघत "सोड" आणि "धर" म्हणायचं, आणि पहिल्याने निमूट ऐकायचं. एकट्याचं काम नाही.

"किती लागेल?" थोरल्याने विचारलं.

"चार आया. आणि वर थोडं."

हे माप फक्त याच घरातलं. सासरे तरुण होते तेव्हा तपासणीसाठी पुरेशी लोखंडी वजनं त्यांच्याकडे नव्हती. मग ते नव्या बायकोला फिरायला नेतो म्हणून न्यायचे आणि लिफ्टमध्ये उभी करायचे. ती बरोबर पन्नास किलोची होती, ना छटाक कमी ना छटाक जास्त. आधी माप 'एक बायको' होतं म्हणे. मुलं मोठी होऊन हाताखाली आली तेव्हा त्यांना ते म्हणवेना, म्हणून 'एक आई' झालं. अजूनही दोघे भाऊ कुठल्याही इमारतीत गेले तरी कामगारांना सांगायचे, "दोन आया टाक," आणि कामगार मुकाट्याने शंभर किलो टाकायचे.

वर मोजणी सुरू झाली. "आई एक," धाकटा म्हणाला. "ही एक आणि पाच." ही म्हणजे त्याची बायको. "ताई एक आणि बारा—"

"गेल्या वर्षीचं आहे ते!" नणंद ओरडली.

"बरं, एक आणि बारा धरतो, तू मनात काय धरायचं ते धर. पिंगी चोवीस. वाटाणा सतरा. चार आया आणि वर आठ. बसतंय."

वाटाणा म्हणजे धाकट्याचा मुलगा. जन्मला तेव्हा वाटाण्याएवढा होता म्हणून ते नाव. आता पावणेचार वर्षांचा झाला होता. थोरलीने त्याला कधी कडेवर घेतलं नव्हतं. त्याच्या जन्माला तिने स्वेटर विणून धाडला होता, तोही याच इमारतीत, सहा मजले वर, नणंदेच्या हाती, आणि पोस्टातल्या सवयीने देण्याआधी वजन करून. पोस्टाच्या खिडकीत ती पंधरा वर्षं लोकांची पार्सलं तोलत होती. स्वतः मात्र चार वर्षांत काट्यावर उभी राहिली नव्हती.

दोघे भाऊ गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेले. सहाव्या मजल्यावर दार सरकल्याचा आवाज आला, म्हातारीला स्टुलावर बसवल्याचा, मुलांच्या चिवचिवाटाचा. मग सगळं शांत झालं. थोरलीने जाळी दोन्ही हातांनी धरली.

"सोड," वरून थोरल्याचा आवाज.

दोर करकरले.

"धर! धर! धर! वर चाललीय!"

धप्प. आत मुलं किंचाळली आणि लगेच हसायला लागली.

"हातभर वर आलोय आपण!" पिंगीचा आवाज. "काका, आम्हाला खाली जायचंय!"

"गणित बरोबर आहे," धाकटा म्हणत होता.

"मग लिफ्टचं चुकलं का?"

"दादा, मी दोनदा मोजलंय."

"ताई, तू खरं सांगितलंस ना?"

"अरे, मी कमीच सांगितलंय, जास्त नाही!" नणंद म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती पुढे गप्प झाली.

थोरलीने डोळे मिटले. पोस्टात कधीकधी थैलीचं एकूण वजन जुळत नाही. तेव्हा प्रत्येक पार्सल पुन्हा तोलत बसायचं नसतं. ज्याच्यावर जुनी चिठ्ठी आहे आणि जे सगळ्यांनी न तोलता खरं धरलंय, तेच आधी उचलायचं. चार वर्षांत तिने या जाळीतून वर एक शब्द धाडला नव्हता. आता तिने तोंड जाळीला लावलं आणि ओरडली:

"अहो! आईंचं वजन शेवटचं कधी केलं होतं?"

खालून आवाज आला याचंच आधी सगळ्यांना नवल वाटलं असणार. मग प्रश्न पोहोचला.

"मी काय बाजारात मांडलेय, वजन करायला?" म्हातारी म्हणाली. पण तिचं हे बोलणं जरा घाईचं वाटलं.

"आई, थांब," नणंद म्हणाली. ती लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती, दिवसभर तान्ह्या बाळांना काट्यावर ठेवायची. "जरा माझ्या गळ्यात हात टाक. उचलते." मग तिचा आवाज आला तो ओळखू येईना. "दादा... आई पाऊण आहे. पाऊण आईसुद्धा नसेल."

दोन मोठे बाप्ये, शहरभरच्या लिफ्ट ज्यांनी त्या एका मापावर तोलल्या, ते यंत्रखोलीत दांडा धरून उभे होते, आणि आपली आई आपल्याच मापाला पुरत नाही हे त्यांना आज नाताळच्या दुपारी लिफ्टने सांगितलं होतं. थोरली खाली जाळीला कपाळ टेकून रडली. मोठ्याने नाही, पण रडली.

"पुरे," म्हातारीचा आवाज आला. "रडायचं ते जेवून रडा. किती कमी पडतंय?"

"वर्कशॉपात लोखंडी वजनं आहेत," थोरला म्हणाला. "मी जाऊन आणतो."

"लोखंड कशाला? घरात माणसं संपली का? पिंगे, इकडे ये. कान दे."

काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. लिफ्टमधून उडी मारल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यावर पिंगीच्या चपलांची फटफट, सहावा, पाचवा, चौथा. ती खाली पोहोचली तेव्हा तिला दम लागला होता.

"आई! आजीने सांगितलंय, दीड आई पाठव." तिने श्वास घेतला. "दीड आई म्हणजे कोण गं?"

थोरलीच्या कानशिलात रक्त चढलं.

चार वर्षांपूर्वी, नाताळच्याच दिवशी, सहाव्या मजल्यावर, हसतखिदळत सगळे एकदम लिफ्टमध्ये शिरले होते आणि जास्त वजनाची घंटा वाजली होती. धाकटी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, भिंतीला टेकून उभी होती. तिने हसत म्हटलं, "दीड आईने उतरावं, म्हणजे सुटेल!" सगळे खो खो हसले. थोरलाही हसला. थोरलीने केकचा डबा उचलला, बाहेर पडली आणि सहा मजले पायी उतरली. उतरताना तिने प्रत्येक पायरी मोजली. त्या दिवसापासून ती वर गेली नव्हती. कारण कोणाला सांगायचं, तर आपल्या तोंडाने आपलं वजन सांगायचं. त्यापेक्षा किल्ल्या काय आणि कानातली काय, लोकांनी काढलेली कारणं बरी होती.

"आई, जातेस ना?" पिंगी म्हणाली. "आजी हातभर वर लटकलीय."

थोरलीने टेबलाकडे बघितलं. उशी ठेवलेली खुर्ची इथूनही दिसत होती. चार वर्षांचा हट्ट काही साधासुधा नव्हता. तिने त्याला रोज खाऊपिऊ घालून मोठा केला होता. पण पाऊण आईपुढे तो एकदम पोरकट वाटायला लागला.

तिने अॅप्रन काढून खुंटीला लावला. "ठोकळ्या, उठायचं नाही," म्हणाली, आणि जिना चढायला लागली.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला धाकटी भेटली. ती वरून धावत येत होती. केस सुटलेले, बाहीला सोनेरी कागदाचे तुकडे चिकटलेले. दोघी एकमेकींसमोर थबकल्या. चार वर्षांत त्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मी तुम्हाला न्यायला येत होते," धाकटी म्हणाली. "म्हटलं, तुम्ही नाही यायच्या."

"मी निघालेच होते."

"वहिनी, त्या दिवशी दीड आई म्हटल्यावर तुमचा चेहरा... आत्ता वर आईंनी तो शब्द काढला आणि ताई म्हणाल्या, अगं बाई, त्यावरून तर नसेल? त्यावरून होतं का?"

थोरली जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागली. तेवढं पुरेसं होतं.

"अहो, ते मी मला म्हटलं होतं!" धाकटी जवळजवळ ओरडलीच. "सात महिन्यांची होते मी! एक मी आणि अर्धा पोटातला. दीड आई! मी उतरणार होते. तेवढ्यात तुम्हीच डबा घेऊन बाहेर पडलात. मला वाटलं, पोटुशीला जिना नको म्हणून माझ्यासाठी उतरलात. दोन महिने मी माहेरी सगळ्यांना सांगत होते, माझी जाऊ म्हणजे देवमाणूस. आणि मग तुम्ही बाप्तिस्म्याला आला नाहीत. तेव्हा मी म्हटलं, असं का? मग मीही..."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हे खरं असेल का? की सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंत येताना हिने ते रचलं? तीन मजल्यांत बाई बरंच काही रचू शकते. पण पोस्टात पार्सलाच्या आत काय आहे हे विचारत नाहीत. वजन बघतात. आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांतलं वजन तर खरं होतं.

"आई एवढ्या वाळल्या, तू कुणाला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

धाकटीने सुटलेले केस मागे बांधले. "कुणाला सांगणार? खाली कळलं असतं तर म्हणाले असते, वर उपाशी ठेवतात. मी रोज वाढते हो वहिनी. त्या म्हणतात, अर्धं घर खाली जेवतंय, माझा घासही अर्धाच उतरतो."

मग थोरलीने जे केलं त्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तिने धाकटीच्या बाहीवरचा सोनेरी कागद उचलून टाकला आणि तिचा हात धरला. "चल. कोंबडी गार होतेय."

उरलेले तीन मजले दोघी बरोबर चढल्या. पिंगी पुढे.

सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि लिफ्ट हातभर वर अडकली होती. आत अंधार होता, फक्त वाटाणा चमकत होता. जेवणाआधी मुलं नाताळचं छोटं नाटक करणार होती आणि त्यात तो तारा होता. पुठ्ठ्याला सोनेरी कागद आणि छातीवर बॅटरीचा दिवा, तो कालपासून विझवू देत नव्हता. त्या उजेडात स्टुलावर बसलेल्या सासूबाई दिसल्या. थोरलीने त्यांना चार वर्षांत फक्त एकदा, वसंतात पडून त्यांचा खुबा मोडला तेव्हा, दवाखान्यात बघितलं होतं, तेही पांघरुणाखाली. गळ्याशी मोठा स्वेटर, आणि स्वेटरात जणू कोणी नाहीच.

"ये, थोरले," म्हातारी म्हणाली. "वर पाय ठेवणार नव्हतीस ना?"

"लिफ्टमध्ये ठेवतेय, आई. घरात नाही."

"लिफ्टला उंबरा नसतो, ते तुझ्या सासऱ्यांनी बरं केलं." म्हातारीने हात पुढे केला. "दीड आई म्हणजे तूच, हे त्या दिवशी तू ठरवलंस. मला कोणी विचारलं नाही. मी मात्र आज मुद्दाम तुलाच बोलावलं."

थोरली एक पाय वर टाकून आत चढली. लिफ्ट किंचित दबली, हे सगळ्यांना जाणवलं. धाकटी आली, नणंद होतीच, पिंगी आली. पिंगीच्या हातात वरच्या झाडावरची सम बटणं भरलेली पिशवी होती, ती खणखणली. सहा जण. लिफ्टमधल्या पितळी पाटीवर सासऱ्यांनी हातोडीने ठोकलेले आकडे होते: सहा माणसं.

वरून धाकट्याचा आवाज आला, फार जपून. "वहिनी आल्या का? वहिनी, किती... म्हणजे किती धरू?"

नणंद छताकडे बघायला लागली.

थोरलीने मान वर केली. "दीड!"

"ऐकू नाही आलं," हा तिचा नवरा. त्याला ऐकू आलं होतं. तिला त्याचा आवाज पंचवीस वर्षं माहीत होता. त्या दिवशी हसला होता तोच माणूस, आणि आता तो तिच्याकडे काहीतरी मागत होता.

"दीड आई!" थोरली अशी ओरडली की बोगदा वरपासून खालपर्यंत घुमला. "पंचाहत्तर किलो! जमलं तर जास्तच! घंटा वाजणार नाहीये आज, कोणी उतरणार नाहीये! सोडा ब्रेक!"

म्हातारी पहिल्यांदा हसली. मग सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता दार सरकलं.

"सोड," थोरला म्हणाला.

लिफ्ट एक क्षण विचारात पडल्यासारखी थांबली. मग निघाली. खाली.

"धर." थांबली. "सोड." निघाली. "धर." दोघांचे आवाज ठेक्यात पडले होते. बाप दांड्याशी असायचा तेव्हा हे दोघे पोरगे दोरापाशी उभे राहून असेच ओरडायचे, असं म्हातारीने मुलांना सांगितलं. पाचव्या मजल्याचं दार जाळीतून वर सरकलं. पिंगी मोजायला लागली. चौथ्याला वाटाणाही मोजायला लागला, उलटा, चुकत. तिसऱ्याला नणंदेने नाताळचं गाणं धरलं आणि धाकटीने दुसरा सूर लावला. थोरलीला गाता येत नव्हतं, तरी ती गायली.

दुसऱ्या मजल्यावर वरून थोरल्याचा आवाज आला. "धाकट्या, जरा हळू. आई आहे आत."

"माझीही आहे, दादा," धाकटा म्हणाला.

हे 'पाना दे' नव्हतं. लिफ्टमधल्या चारही बायांनी ते ऐकलं आणि गाणं हळू केलं, ते मोडायला नको म्हणून.

"धर!"

तळमजला. जमिनीशी इतका बरोबर की म्हातारीने पायाच्या अंगठ्याने चाचपून बघितलं. "तुझ्या सासऱ्यांचं दोन बोटं तरी चुकायचं," ती म्हणाली. दार सरकलं, आणि ती नणंदेच्या एका खांद्यावर आणि थोरलीच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या दोन पायांवर, चालत बाहेर आली. एक वाजून अकरा मिनिटं झाली होती.

दोघे भाऊ सहा मजले आणि गच्ची धावत उतरले. लाल तोंडं, ग्रीसने काळे हात. धाकटा दाराशी थांबला. थोरल्याने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि आत ढकललं. चार वर्षांच्या अबोल्यावर त्यांची तडजोड ती एवढीच, पण ती पुष्कळ होती.

ठोकळा स्टुलावरून उठला नव्हता. कोंबडीची एक तंगडी मात्र उठली होती.

"मांजराने नेली," ठोकळा म्हणाला. त्याची हनुवटी चकचकत होती.

"मांजराला म्हणावं, तोंड पूस," थोरली म्हणाली आणि म्हातारी खुर्चीत बसता बसता इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. उशी तिच्या लक्षात आली. तिने ती पाठीशी नीट केली आणि थोरलीकडे एकदाच बघितलं. मग ताट पुढे सरकवलं. "वाढ. पाऊण म्हणे! पुढच्या नाताळपर्यंत मला एक करून दाखवा. तुम्हा दोघींना मिळून एवढं जमणार नाही का?"

"दोघींना मिळून कसलं नाही जमणार?" धाकटी म्हणाली. थोरलीने बटाट्यांचा मोठा डाव म्हातारीच्या ताटात रिकामा केला, आणि म्हातारीने तो परत लोटला नाही.

पहिला घास घेण्याआधी बटणं टांगायची होती. पिंगीने पिशवी ओतली. खाली एक, तीन, पाच होतेच. त्यांच्या मधोमध दोन, चार, सहा जायला लागले. ठोकळा ओरडून आकडे सांगत होता, थोरला आणि धाकटा उगाच फांद्या धरत होते. बारा नंबर उरला. तो वरच्या टोकाला लागतो, ताऱ्याच्या खाली.

वाटाणा ते बटण मुठीत घट्ट धरून सगळ्यांकडे बघत होता. बाबा उंच होता. काका त्याच्याहून उंच. पण तो छातीवरचा दिवा लुकलुकवत नीट थोरलीपर्यंत चालत आला. तिला काय हाक मारायची हे त्याला कोणी कधी शिकवलं नव्हतं, शिकवायची वेळच आली नव्हती. आज मात्र त्याने एक नाव ऐकलं होतं, आणि ते लिफ्टमध्ये किती मोठ्याने ओरडलं गेलं होतं तेही.

"दीड आई," तो म्हणाला, "मला उचल ना."

धाकटीने तोंडावर हात नेला. थोरल्याच्या हातातली फांदी सुटली.

थोरली वाकली. तिने त्याला काखेत धरून वर उचललं, पुठ्ठ्याच्या सोनेरी टोकांसकट, आणि सवयीने मनातल्या मनात तोललं. धाकट्याचं गणित इथेही चुकलं होतं. सतरा नव्हे, सोळाच भरत होता.

"अजून वर," वाटाणा म्हणाला.

"घे अजून वर," ती म्हणाली, आणि टाचा उचलल्या.